ऋतूंविना जपानी उद्यान

सिंगापूरच्या पश्चिम भागात, जुराँग तलावातील एका बेटावर सुमारे १३ हेक्टरांचे जपानी उद्यान आहे. त्याचे मूळ नाव सेइवाएन. क्योतोचे उद्यानरचनाकार किन्साकु नाकाने (१९१७–१९९५) यांनी त्याचा आराखडा केला, जुराँग टाउन कॉर्पोरेशनने ते उभारले आणि १९७३ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. जपानच्या शिमाने प्रांतातील आदाची कला संग्रहालयाचे उद्यान आणि अमेरिकेतील बॉस्टनच्या कला संग्रहालयाचे तेन्शिन-एन हीदेखील नाकाने यांचीच कामे. जुराँगसाठी त्यांनी मुरोमाची आणि मोमोयामा या कालखंडांतील, म्हणजे ढोबळमानाने चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या, शैलींचा आधार घेतला. शेजारच्या बेटावर १९७५ मध्ये चिनी उद्यान झाले. मोठ्या नूतनीकरणानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ही दोन्ही उद्याने जुराँग लेक गार्डन्सचा भाग म्हणून पुन्हा खुली झाली.

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम दीड अंशावर आहे. दिवस बाराही महिने जवळपास बारा तासांचा, आणि तापमान साधारण २५ ते ३२ अंशांच्या पट्ट्यात. जपानी उद्यानकलेची बैठक मात्र चार ऋतूंवर आहे, असे सर्वत्र मानले जाते. मग ऋतू नसलेल्या भूमीवर जपानी उद्यान खरे असू शकते का? पुण्यातील वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सिंगापुरात उद्यानरचनेचे काम करणाऱ्या तिच्या भाच्याला ते मान्य नाही.

मावशी : बागेतून ऋतू काढून घेतला, तर जपानीपण उरतं कुठे? चेरीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, मग त्या झोपी जातात, आणि कित्येक आठवडे थंडी खाल्ल्याशिवाय त्यांना जाग येत नाही. मेपलचं पान तांबडं होतं ते दिवस लहान झाला आणि रात्री गार पडल्या म्हणून. हरितद्रव्य ओसरतं, पानात साखर साचते, तांबडं रंगद्रव्य तयार होतं. तुमच्याकडे दिवस लहान होत नाही की रात्र गार पडत नाही. फूल आठवड्याभरात झडणार हे ठाऊक असतं, म्हणून माणसं चेरीखाली सतरंज्या टाकून बसतात. जे कायम हिरवं आहे त्याच्याखाली कोण कशाला बसेल?

भाचा : तू एकाच तऱ्हेच्या बागेबद्दल बोलते आहेस, मावशी. र्‍योआनजी मंदिराच्या अंगणात एकसुद्धा झाड नाही. दगड, खडी आणि दगडांच्या पायाशी थोडं मॉस, बस्स. आणि झाडांचंच म्हणशील, तर अकराव्या शतकातला ‘साकुतेइकी’ हा बाग रचण्याचा ग्रंथ बघ. घराच्या पूर्वेला वाहतं पाणी हवं, पश्चिमेला मोठा रस्ता, दक्षिणेला तळं, उत्तरेला टेकडी, असं तो सांगतो. आणि पुढे लगेच म्हणतो, पाणी नसेल तर विलोची नऊ झाडं लावा, रस्ता नसेल तर कॅटाल्पाची सात, तळं नसेल तर कात्सुराची नऊ, टेकडी नसेल तर सायप्रसची तीन. नदीच्या जागी झाड चालतं, तर एका झाडाच्या जागी दुसरं झाड का चालू नये?

मावशी : कारण पर्याय माळ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. झाड कोणतं ते ठरलेलं, संख्यासुद्धा ठरलेली. त्याला सैलपणा म्हणत नाहीत, नियम म्हणतात.

दोघांच्याही म्हणण्याला या ग्रंथात आधार सापडतो. ‘साकुतेइकी’चे कर्तृत्व परंपरेने ताचिबाना नो तोशित्सुना या उमरावाकडे जाते. त्यात निषेधांची लांबलचक यादी आहे. निसर्गात आडवा पडलेला दगड बागेत उभा करू नये, केला तर घराला बाधा होते, असेही त्यात सांगितले आहे. पण ग्रंथाचा मुख्य उपदेश वेगळा आहे. देशातली नामांकित निसर्गस्थळे आठवावीत, त्यांतले जे भावले ते आपलेसे करावे आणि समोरच्या जागेचा घाट पाहून ते मांडावे. पहिला दगड बसवला की पुढचे दगड त्याच्या मागणीनुसार बसवत जावे. म्हणजे नक्कल इथे मुळात निषिद्ध नाहीच. जागेकडे दुर्लक्ष करणे मात्र निषिद्ध आहे.

या कलेचे मूळही परक्या भूमीत आहे. ‘निहोन शोकी’ या जुन्या इतिहासग्रंथात इ.स. ६१२ ची एक नोंद आहे. कोरियातून आलेल्या एका कारागिराने सम्राज्ञी सुइको हिच्या दरबारासाठी शुमिसेन पर्वताची प्रतिकृती आणि परदेशी धर्तीचा पूल बांधला. शुमिसेन म्हणजे भारतीय पुराणांतला आणि बौद्ध विश्वरचनेतला मेरू. बौद्ध धर्माबरोबर तो चीन आणि कोरियामार्गे जपानच्या अंगणात पोहोचला. पुढे हेइआन काळात सरदारांच्या वाड्यांसमोर नौकाविहाराची तळी आली, आणि अमिताभ बुद्धाच्या पश्चिमेकडील स्वर्गाचे चित्र म्हणून मंदिरांपुढे कमळतळी आली. उजी येथील ब्योदोइनचे १०५३ मधील सभागृह अजून अशाच तळ्यात आपले प्रतिबिंब पाहत उभे आहे. चिनी दंतकथांतल्या अमर लोकांचे होराई बेट, दीर्घायुष्याचे प्रतीक असलेली क्रौंचबेटे आणि कासवबेटे हीसुद्धा तळ्यांत हळूहळू स्थिरावली.

कोरड्या बागेची, म्हणजे कारेसान्सुईची, कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिच्याबद्दल गैरसमजही सर्वाधिक आहेत.

भाचा : र्‍योआनजीचं अंगण साधारण २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्यात पंधरा दगड, पाच गटांत. ओसरीवर कुठेही बसलं तरी एखादा तरी दगड दुसऱ्याआड जातोच. कोणी म्हणतं समुद्रातली बेटं, कोणी म्हणतं पिल्लांना घेऊन नदी ओलांडणारी वाघीण. करणाऱ्याने काहीच लिहून ठेवलेलं नाही. ‘झेन गार्डन’ हा शब्दसुद्धा जुना नाही. लोरेन कक या अमेरिकन लेखिकेने १९३५ मध्ये क्योतोच्या बागांवरच्या पुस्तकात तो वापरला आणि मग जगभर रुळला. जिथे मूळ अर्थच एक नाही, तिथे सिंगापूरच्या बागेला अर्थ हरवल्याचा दोष कसा देणार?

मावशी : अर्थ लिहिलेला नाही हे खरं. पण ती बाग कोणाच्या हातची, ते दगडावर लिहिलेलं आहे, तेही सांग की.

र्‍योआनजीच्या एका दगडाच्या मागच्या बाजूला दोन नावे कोरलेली आहेत. त्यांतले एक कोतारो. ही नावे कावारामोनो समाजातील कामगारांची असावीत, असे अभ्यासक मानतात. नदीकाठच्या करमुक्त, पडीक जमिनीवर राहणारे हे लोक मेलेली जनावरे ओढत, कातडी कमावत, विहिरी खणत, मातीकाम करत. समाज त्यांना अपवित्र समजे. दगड हलवणे आणि मोठी झाडे उपटून दुसरीकडे लावणे हे कष्टाचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यातूनच ते उद्यानकलेचे जाणकार झाले. शोगुन आशिकागा योशिमासा याचा आवडता उद्यानकार झेन्आमी याच समाजातला होता. तो आजारी पडला तेव्हा शोगुनने त्याच्यासाठी औषध पाठवले. झेन्आमीच्या नातवाने आपण या कुळात जन्मलो याचे दुःख एका झेन भिक्षूजवळ बोलून दाखवले होते आणि त्या भिक्षूने ते रोजनिशीत टिपून ठेवले. ज्या अंगणांपुढे आज जग ध्यानाला बसते, ती ज्यांना देवळात मानाने प्रवेश नव्हता अशा माणसांनी रचली. महाराष्ट्रातल्या वाचकाला यातली वेदना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. जपानी बागेवरच्या देखण्या पुस्तकांत मात्र हा भाग बहुधा चार ओळींत उरकलेला असतो, आणि ती मोठीच उणीव आहे.

मावशी : आता तुझ्या सिंगापूरच्या खडीकडे येऊ. क्योतोत वापरतात ती शिराकावा नदीची, ग्रॅनाइट झिजून झालेली, जाड दाण्याची. दाणा जाड आणि कोनेदार असतो म्हणून दाताळ्याने ओढलेली रेघ उभी राहते. सिंगापुरात वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस, तोही तासाभरात धो धो कोसळणारा. सकाळी ओढलेली रेघ दुपारपर्यंत सपाट. वर उष्णता आणि दमट हवा, म्हणून पांढरी खडी शेवाळाने हिरवी पडते. आणि जे हवं ते मॉस मात्र धरत नाही. उष्ण कटिबंधातल्या सखल भागात रात्रसुद्धा उबदार असते. मॉसने दिवसभरात कमावलेलं अन्न रात्रीच्या श्वसनातच खर्च होऊन जातं. क्योतोच्या साइहोजी मंदिराच्या बागेत मॉसच्या सव्वाशेच्या आसपास जाती गालिच्यासारख्या पसरल्या आहेत. तसा गालिचा इथे होणं शक्य नाही.

भाचा : रेघ पुसते हे मान्य. पण क्योतोतही ती कायमची नसते. पान पडतं, वारा येतो, आणि मंदिरातला माणूस पुन्हा दाताळं हातात घेतो. ओढणं हीच साधना आहे. इथे ती जास्त वेळा करावी लागते इतकंच.

मावशी : साधना करणारा माणूस असेल तर. सार्वजनिक बागेत तो ठेकेदाराचा कामगार असतो, आणि त्याला आठवड्याची पाळी असते.

मावशीचा हा मुद्दा निर्णायक म्हणावा लागेल. कारेसान्सुई ही चालत फिरण्याची बाग नव्हे. ओसरीवर स्थिर बसून, मागे मठाची खोली आणि समोर भिंत अशा चौकटीत ती पाहायची असते. चौकट आणि रोजची निगा नसेल तर उरतात फक्त दगड आणि खडी, मग देश कोणताही असो.

चहाच्या बागेत, म्हणजे रोजीत, अडचण वेगळी आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने चहाविधीला जे साधे रूप दिले, त्यात चहाघराकडे जाणारी पायवाट हा विधीचाच भाग झाला. अंतर राखून बसवलेल्या दगडी फरश्यांमुळे पावले आपोआप मंदावतात. वाटेत त्सुकुबाई नावाचे बुटके दगडी कुंड असते. हात धुवायला पाहुण्याला, तो सरदार असला तरी, खाली वाकावेच लागते. कुंडाभोवतीचे दगड ठरलेले असतात. समोरच्या दगडावर पाय ठेवायचे. एका बाजूच्या दगडावर रात्रीच्या चहासाठी हातदिवा ठेवायचा. दुसऱ्या बाजूच्या दगडावर थंडीत गरम पाण्याची बादली ठेवायची, कारण यजमानाला पाहुण्याच्या गारठलेल्या बोटांची काळजी असते.

मावशी : हा तिसरा दगड सिंगापुरात काय करणार? आणि छत्रीसारख्या रुंद टोपीचा तो दगडी दिवा, ज्याच्यावर बर्फ साचलेलं पाहायचं असतं? बर्फाविना तो नुसता शोभेचा.

भाचा : तिसरा दगड मी ठेवणार नाही. कुंडात साचलेलं पाणीही ठेवता येणार नाही, कारण इथे डेंग्यूच्या डासांची पैदास घराच्या आवारात सापडली तर दंड होतो. पाणी वाहतं ठेवावं लागतं. पण यजमानाची काळजी हाच त्या दगडाचा अर्थ असेल, तर दमट दुपारी आलेल्या माणसाला सावली आणि गार पाणी देणं हा तोच अर्थ झाला. रिक्यू इथे असता तर त्याने गरम पाण्याची बादली मांडून ठेवली असती, असं वाटतं तुला?

मावशी : नसती मांडली. हे मात्र पटलं.

जुराँगच्या उद्यानाचे बळ तिसऱ्याच शैलीत आहे. फिरत पाहण्याची बाग, म्हणजे काइयू पद्धत, सतराव्या शतकात परिपक्व झाली. क्योतोचा कात्सुरा राजवाडा हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. मध्ये तळे, भोवती वाट, आणि वाट अशी वळवलेली की पुढचे दृश्य झाडीआड लपावे आणि वळणावर अचानक उघडावे. ओकायामाचे कोराकु-एन हेही याच कुळातले. इकेदा त्सुनामासा या सरदाराने ते १६८७ ते १७०० या काळात करवून घेतले. त्याचेही क्षेत्र सुमारे १३ हेक्टर आहे, आणि त्यात हिरवळींबरोबर भातखाचर आणि चहाचा मळासुद्धा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर, कालव्याच्या पाण्यावर उभे केलेले पु. ल. देशपांडे उद्यान याच कोराकु-एनच्या धर्तीवर आहे. पुणेकर त्याला ओकायामा गार्डन म्हणूनही ओळखतात.

मावशी : आमच्या पुण्याच्या बागेला निदान पावसाळा आहे, कोरडा हिवाळा आहे. एप्रिलमध्ये पिवळी पडलेली हिरवळ जूनमध्ये पुन्हा उठते. काळ सरल्याचं कळतं.

भाचा : आणि जुराँगला पाण्याचा विस्तार आहे. जुराँग नदी अडवून केलेला तलाव, त्यात बेट. कितीतरी जपानी बागांत पाण्याला समुद्र मानावं लागतं. इथे ते पाणी खरोखरच दूरवर जातं. क्योतोच्या एन्त्सूजी मंदिराने कुंपणापलीकडचा हिएइ पर्वत बागेत सामावून घेतला. त्याला ‘उसनं दृश्य’ म्हणतात. जुराँगच्या काठावरून पाण्यापलीकडे काय दिसतं? चिनी उद्यानातला सात मजली पॅगोडा. जपानी बागेने चिनी पॅगोडा उसना घेतला. ज्या कलेची सुरुवात कोरियन कारागीर आणि मेरू पर्वतापासून झाली, तिला याहून योग्य पार्श्वभूमी कुठली?

मावशी : पॅगोड्याच्या मागे सरकारी वसाहतींच्या उंच इमारतीही दिसतात.

भाचा : दिसतात. तेच सिंगापूर आहे. त्या लपवल्या असत्या तर बाग खोटी ठरली असती.

या शैलीत अनुकरण हाच पाया असल्याने स्थलांतराने तिचे फारसे बिघडत नाही. एका सरदाराच्या अंगणात दूरच्या प्रसिद्ध किनाऱ्याची आठवण रचली जाई; सिंगापुरात क्योतोची आठवण रचली गेली. हा न्याय मान्य केला की जुराँगचे उद्यान अस्सल ठरते.

एक प्रश्न मात्र वनस्पतींचा नाही.

मावशी : १९७३ साली हे उभं राहिलं. युद्ध संपून तीस वर्षंही झाली नव्हती. ज्यांच्या घरातली माणसं जपानी सैन्याने नेली आणि परत आली नाहीत, त्यांना या दगडी दिव्यांत काय दिसलं असेल?

सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पडले आणि सप्टेंबर १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात, स्योनान या नावाने राहिले. पहिल्या काही आठवड्यांतच चिनी वंशाच्या पुरुषांना वेचून काढून ठार मारण्यात आले. मृतांचा जपानी बाजूने मान्य झालेला आकडा सुमारे ५,००० आहे. सिंगापुरात तो ५०,००० पर्यंत सांगितला जातो. १९६२ मध्ये सामूहिक दफनाच्या जागा सापडल्या. नागरी बळींचे स्मारक बीच रोडवर १५ फेब्रुवारी १९६७ रोजी उघडले. त्याच दशकात जुराँगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत उभी राहत होती आणि तिला जपानी भांडवल हवे होते. जुराँग शिपयार्ड १९६३ मध्ये इशिकावाजिमा-हारिमा या जपानी कंपनीच्या भागीदारीत सुरू झाले. बाग उभारणारी संस्था हीच वसाहत चालवणारी संस्था होती.

भाचा : मोमोयामा काळातही बाग म्हणजे सत्तेचं प्रदर्शन होतं. सत्ताधीश हिदेयोशीने १५९८ मध्ये साम्बोइन मंदिराची बाग करवली तेव्हा फुजितो नावाचा प्रसिद्ध दगड तिथे आणवला. राज्यकर्त्यांबरोबर मालकी बदलत आलेला दगड तो. जुराँगची बागही आपल्या काळाच्या गरजेतून आली. तिने काही विसरायला सांगितलं नाही. स्मारक शहरात आधीच उभं होतं. आणि युद्धकाळातली सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डन्सची हकिगत तर तू आपल्या विद्यार्थ्यांना शिकवली असशील.

मावशी : शिकवली. क्योतोचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्वान कोरिबा संचालक म्हणून आले, आणि हॉल्टम आणि कॉर्नर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यांचं काम पुढे करू दिलं. वनस्पतिसंग्रह वाचला. एका चांगल्या वागण्याने कत्तल पुसली जात नाही, पण ते वागणंही नोंदवायला हवं. बागेचा अर्थ सांगताना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, एवढंच माझं म्हणणं. क्रौंच आणि कासवावर थांबू नये.

या बाबतीत दोघांत मतभेद उरत नाही. ऋतूंच्या बाबतीत मात्र तो टिकून राहतो. सिंगापुरात २०१२ मध्ये उघडलेल्या फ्लॉवर डोम या काचघरात वसंताच्या सुमारास चेरीचा बहर भरवला जातो आणि त्याला मोठी गर्दी होते. तिथली हवा यंत्रांनी थंड ठेवलेली असते. मावशीला तो बहर फुलांच्या प्रदर्शनासारखा वाटतो, आणि ते बरोबर आहे. भाचा मात्र रस्त्याकडेच्या झाडांकडे बोट दाखवतो. टॅबेबुया रोझिया हे मध्य अमेरिकेतून आलेले झाड काही आठवडे कोरडे गेल्यावर पाऊस झाला की एकदम गुलाबी-पांढरे फुलते आणि चार-आठ दिवसांत पदपथावर फुलांचा सडा टाकून मोकळे होते. सिंगापूरकर त्याला आपला साकुरा, म्हणजे चेरी, म्हणतात. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर फुलणारी बसंत राणी ती हीच. तिचा बहर कॅलेंडरवर अवलंबून नाही, पावसाच्या खंडावर आहे. कधी येईल ते नेमके सांगता येत नाही, आणि आला की टिकत नाही.

विषुववृत्तावर काळाचे असे स्वतःचे वळण आहे, आणि जपानी रीतीने बाग करायची तर रचनाकाराने ते ओळखून झाड निवडायला हवे. आयात केलेला मेपल मरत मरत जगवण्यापेक्षा ते ‘साकुतेइकी’च्या आज्ञेला जास्त धरून आहे. म्हणून निर्वाळा असा, की मॉस, बर्फ आणि तांबडी पाने यांवर अवलंबून असलेले अर्थ सिंगापुरात पोहोचत नाहीत आणि पोहोचल्याचा देखावाही करू नये. पाणी, वाट, दगड आणि उसने दृश्य यांवर उभे असलेले अर्थ जुराँगमध्ये पूर्णपणे पोहोचले आहेत. सिंगापुरात जाणाऱ्या मराठी वाचकाने ते स्वतः पडताळून पाहावे. चायनीज गार्डन या मेट्रो स्थानकापासून उद्याने चालत जाण्याइतकी जवळ आहेत आणि प्रवेशाला शुल्क नाही.